टेकूवरची पिशवी

सोमवार, ३ तारीख

मिळाली एकदाची नोकरी! फर्निचरच्या दुकानात कपाटांना मुठी बसवून बसवून जीव विटला होता. आता मी नाटक कंपनीची सुतार. थिएटरच्या मागच्या अंगालाच एक खोली दिलीय. आल्या आल्या फरशी फिनाईलने दोनदा पुसली, मग कुठे पिशव्या खाली ठेवल्या. ताई म्हणते, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी झाडू मागशील. बोलतंय कोण! ती स्वतः आधी नळाची तोटी धुते आणि मग हात.

या नाटकाचा शेवटचा खेळ सोळा तारखेला, रविवारी दुपारी. त्याचा पास ताईला धाडून दिला. खेळ संपला की दोघी मिळून घरी जाणार, चांगली आठवडाभर सुट्टी आहे.

मंगळवार, ४

नाटकात एक दिवाणखाना आणि एक दवाखाना. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं रंगीत कापड. दिवे गेले की अंधारात एक भिंत काढायची, दुसरी उभी करायची, मागून तिरका टेकू लावायचा आणि टेकूच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायची. स्क्रू पिळत बसायला फुरसत नसते. लोक खोकायला लागायच्या आत दिवे यायला हवेत.

माझ्या जोडीला एक म्हातारा आहे. चालताना गुडघे कुरकुरतात म्हणून सगळे त्याला बिजागरी म्हणतात. माणूस लाघवी, पण जरा चक्रम. वाळूच्या पिशव्यांना तो ‘मंडळी’ म्हणतो आणि उचलायच्या आधी प्रत्येकीला थोपटतो, तान्ह्या बाळाला थोपटावं तसं. मलाही थोपटायला सांगितलं. पाय मात्र अजिबात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. मला हसू आवरेना.

पण त्या पिशव्या! शी! कापड तेलकट, कोमट, दिवसभर कुणाच्या काखेत दाबून ठेवल्यासारखं. छातीशी धरली की चिकटून बसते, सोडवून घ्यावी लागते. कोपरापर्यंत साबण लावला तरी वास आहेच. जेवताना घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात टाकला.

गुरुवार, ६

आज थोपटलं नाही. त्या घाणीला हात कोण लावणार? बुटाच्या टोकाने सरकवायला गेले तर बूट आत रुतला. वाळूत रुततो तसा नाही. पोटात रुतावा तसा. आणि आतून काहीतरी कण्हलं.

बिजागरीने पाहिलं. चेहरा पांढराफटक. धावत येऊन त्या पिशवीला थोपटत बसला. मी मॅनेजरकडे तक्रार केली की पिशव्या कुजल्यात, नव्या शिवून घ्या. तो म्हणाला, म्हाताऱ्याची लहर समजा आणि थोपटा, तुमचं काय जातंय?

शनिवार, ८

माझं डोकंच फिरलं. सकाळी सगळ्यात घाणेरडी पिशवी मागच्या अंगणात उन्हात ओढत नेली आणि शिवण उसवली.

वाळू काळी, ओली, गचगचीत. तिच्यात लांबलचक केसांचा गुंता. नखं. आणि तळाशी काहीतरी गुलाबी, बुळबुळीत. माझं बोट लागताच ते आक्रसलं.

मी तिथेच भडाभडा ओकले. मग फावड्याने सगळं कचऱ्याच्या पिंपात लोटलं, कापड जाळलं, स्वच्छ वाळू धुऊन वाळवून नव्या पिशवीत भरली. बिजागरी आला तेव्हा पिंपात बघून हुंदके देऊन रडला. ती आमची रंगारीण होती, म्हणाला. एकदा पडणारी भिंत सावरायला टेकूवर बसली आणि मग उठलीच नाही. मी त्याला सांगितलं, डॉक्टरला दाखवून घ्या.

रविवार, ९

दवाखान्याच्या प्रवेशाला दिवे आले आणि माझी नवी, स्वच्छ पिशवी टेकूवरून घसरली. भिंत पुढे झुकली. तिच्या खालीच नायिका रोगी होऊन खाटेवर पडलेली. मी धावले आणि टेकूच्या पायावर फतकल मारून बसले. भिंत थांबली. प्रवेश संपेपर्यंत तशीच बसून राहिले.

नायिकेने मिठी मारली. मॅनेजर म्हणाला, जुनीइतक्या वजनाची नवी पिशवी शिवून होईपर्यंत तुम्हीच बसा. बिजागरीने माझी पाठ थोपटली. खरं सांगते, बरं वाटलं. इतकं बरं की उठवेना.

मंगळवार, ११

वास माझ्याच अंगाला येतोय. वीट घेऊन अंग घासलं. मळाच्या वळ्या निघाल्या, मग कातडीच्या. तिच्याखाली रक्त नाही. गोणपाटासारखी वीण. बोट फिरवलं तर खरखर वाजली.

स्वतःच्या अंगाची इतकी किळस कधी—

गुरुवार, १३

दाताखाली वाळू. थुंकते, चूळ भरते, पुन्हा वाळू. बगलेपासून कमरेपर्यंत खाज सुटलीय. आरशात बघितलं. टाके आहेत. पक्के, दुहेरी. कुणी घातले?

नवी पिशवी कुणीही शिवत नाहीये.

शनिवार, १५

पळाले. फाटकापर्यंत. पुढे पाऊल उचलेना. बिजागरीने हातगाडीवर घालून परत आणलं. थोपटत होता, रडत होता. मला तो हात नको होता आणि थांबूही नये असं—

उद्या ताई येईल. लहानपणी मला पाठुंगळी घेऊन सगळ्या घरात फिरवायची. ती उचलेल. तीच उचलेल.

रविवार, १६

बसलेय. टेकूवर. वही पोटाखाली. दोनच बोटं उरलीत, त्यांत पेन्सिल—

खेळ संपला. ताईचा आवाज. माझं नाव घेऊन मला शोधतेय. मॅनेजर सांगतोय, त्या तर केव्हाच नोकरी सोडून गेल्या. खोटारडा. हाक मारते तर तोंडातून वाळू—

बिजागरी दिसत नाही कुठे.

मॅनेजर तिला म्हणतोय, भिंत उतरवायचीय, जरा मदत करता का? ती हो म्हणाली. भिडस्त आहे माझी ताई.

आली. समोर. नाकाला रुमाल. माझ्याकडे बघतेय. तोंड वाकडं केलंय, माझ्यासारखंच, अगदी हुबेहूब—

ही घाण बाजूला करू का, विचारतेय.

हात लावत नाहीये. बुटाचं टोक—

ताई, पाय नको. थोपट. नुसतं एकदा थोप