धक्क्यावरच्या धुळीचा आकडा

नागपूर

आबा, तुम्हाला नि आईला नमस्कार.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कमी झाला का?

आपल्या धरमतरच्या धक्क्यावर धूळ मोजायला ठेवलेलं यंत्र आमच्या लॅबमध्ये परत आलंय. धुळीच्या कणांवर वीज असते. यंत्रातले आयन, म्हणजे वीज असलेले हवेचे बारीक कण, ती घालवतात, नाहीतर कण नळीलाच चिकटतात आणि मोजलेच जात नाहीत. मी झाकण उघडलं, तर आयन तयार करणारी तार सुटलेली.

लॅबचे सर म्हणाले, "प्रवासात निघाली असेल."

पण तारेच्या टोकाला कुणीतरी नीट टेप गुंडाळली होती. सर गेल्यावर मी खोलीतली हवा मोजली, मग तार जोडून पुन्हा मोजली. त्याच खोलीतल्या हवेचा आकडा दुप्पट झाला. हे मी इथे कुणाला बोलले नाय.

"हवा चांगली" असा या यंत्राच्या आकड्यांचा कागद घेऊन कुणी आलं, तर चहा पाजा, पण सही करू नका.

तुमची मृणाली