देवाची फुलं, ओवीचे चौकोन

७ डिसेंबर २०१४, रविवार. संध्या. ८
हटवर, म्हणजे डोंगरावरच्या झोपडीवर, पोचलो. ख्राइस्टचर्चपासून दोन तास, त्यातला शेवटचा अर्धा तास स्की-फील्डचा कच्चा रस्ता. हाडं जागेवर आहेत की नाही, सकाळी बघू.
नात ओवी इथे उन्हाळाभर डोंगरी झाडांचा अभ्यास करणार. तिची जोडीदारीण घोटा मुरगळून घरी बसली. युनिव्हर्सिटीचा नियम असा की डोंगरावर एकट्याने राहायचं नाही. लेक-जावयाला रजा नाही. मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेलोच. म्हणजे हे संशोधन आता माझ्यावर उभं आहे. फॉर्मवर ‘फील्ड असिस्टंट’ म्हणून सही केली. रिपोर्टात नाव येणार.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. बारा सूर्यनमस्कार. रोज दोन लॅटिन नावं पाठ.
वासंती हॉर्नबीला लेकीकडेच राहिली. निघताना देवांची डबी दिली आणि पोरीच्या कामात लुडबुड करू नका म्हणाली. आता सोमवार ते शुक्रवार शांतता. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

८ डिसेंबर, सोमवार
पाचला उठलो. घड्याळ पाहून परत झोपलो. साडेसहाला कायमचा उठलो. सूर्यनमस्कार उद्यापासून (थंडी).
ओवीने काल रात्री प्रयोग समजावला होता. दहा ठिकाणी प्लास्टिकच्या षटकोनी पेट्या, वरून उघड्या. आत एक-दीड डिग्री ऊब जास्त. शेजारी दहा ठिकाणी नुसते चार खुंट आणि दोरीचे चौकोन. पृथ्वी तापली की फुलं वाढतात की घटतात, ते मोजायचं. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातही हेच करतात म्हणे. काम चांगलं झालं तर हेलनबाई, म्हणजे तिच्या मॅडम, तिला पुढच्या वर्षी ऑनर्सला घेतील. पोरीचं सगळं त्यावर अडलंय.
मला बजावलं की पेट्यांना हात लावायचा नाही. चौकोनांबद्दलही काहीतरी म्हणाली. तेव्हा मी हीटरचं बटण शोधत होतो.
ती उठायच्या आत पिशवी घेऊन फिरून आलो. काय फुलं आहेत! शेवंतीएवढी, पांढरीशुभ्र. पुण्याचा माझा नियम इथेही पाळला. कंपाउंडच्या आतलं फूल मालकाचं, बाहेरचं देवाचं. पेट्यांना कंपाउंड आहे. चौकोनांना नाही. शिवाय दोरीमुळे तिथे कोणाचे बूट पडत नाहीत, म्हणजे फुलं सोवळ्यातली.
पूजा : सोमवार म्हणून ११ फुलं. हीटर : दोनवर.

९ डिसेंबर, मंगळवार
लॅटिन नाव पाठ केलं. सेल्मिशिया, म्हणजे तीच पांढरी फुलं. एकच, पण पक्कं.
दुपारी ओवी गुडघ्यांवर बसून फुलं मोजत होती, मी आकडे लिहून घेत होतो. सँडफ्लाय चावतात. जेवायला सँडविच. रात्रीही सँडविच. मी पिठलं करतो म्हणालो तर ओवी म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे चालेल. पोरगी माझं मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत.
पूजा : ५. हीटर : तीनवर.

१८ डिसेंबर, गुरुवार
वासंतीचा फोन. सूर्यनमस्कार चालू आहेत का विचारलं. हो म्हणालो. (मनात चालू आहेत.) गुडघा दुखतोय, ते सांगितलं नाही.
ओवी दोन दिवस आकडे पुन्हा पुन्हा तपासतेय. पेट्यांत फुलं बरीच, चौकोनांत फार कमी. गेल्या वर्षी एवढा फरक नव्हता. मी धीर दिला, पृथ्वी तापतेय बाळा, फरक पडणारच. बागकामाचा तीस वर्षांचा अनुभव आहे, बाल्कनी असली म्हणून काय झालं. फुलं खुडली की मोगरा जोमाने येतो, हेही सांगितलं. तिने ऐकलं नसावं.
निर्माल्य कचऱ्यात टाकणं बरं दिसत नाही. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात साठवतोय.
पूजा : ५.

६ जानेवारी २०१५, मंगळवार
नाताळानंतर रविवारी परत हटवर आलो. नवीन वर्षाचा संकल्प : जुनेच संकल्प, पण कडक.
ओवीला वाटतं ससे खातात. ससा सापडेना. मी पाळत ठेवायचं कबूल केलं. पहाटे फिरायला जातोच.
पूजा : ५. ससा : दिसला नाही.

२० जानेवारी, मंगळवार
मोठी बातमी! पेट्यांत २३१ फुलं, चौकोनांत ५८. हेलनबाई स्वतः येऊन गेल्या. ‘किआ ओरा’ म्हणून माझा हात हलवला. आकडे बघून बाईंचे डोळे लकाकले. पुढच्या महिन्यात वेलिंग्टनच्या परिषदेत ओवीचं पोस्टर लावायचं. ओवी म्हणाली, आधी कारण कळू दे. बाई म्हणाल्या, तेही कळेल, आधी पोस्टर.
माझी पोरगी. माझंही थोडं.
पूजा : ५. हीटर : चारवर (आनंद).

२४ जानेवारी, शनिवार
काल गणेशजयंती. पूजा : २१.
आज रिकार्टनच्या हॉलमध्ये मंडळाचा तिळगूळ. माझं भाषण, ‘तापती वसुंधरा आणि आपण’. चाळीस मिनिटं बोललो. लोकांच्या मोटारी, कपड्यांचे ड्रायर, सगळं काढलं. ५८ आणि २३१ हे आकडे दोनदा सांगितले. शेवटी मोहन म्हणून एक इंजिनियर उठला आणि विचारलं, काका, पुण्याहून इथे यायला किती विमानं बदललीत? काही लोकांना विषय कळत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार
शेवटची मोजणी. पेट्या २६८, चौकोन ७१. पूजा : ५. सामान भरलं. हीटर बंद केला, जड मनाने.
परतताना नदीच्या पुलाशी ओवीला गाडी थांबवायला सांगितली. निर्माल्य सोडायचं होतं. ती म्हणाली नदीत काही टाकायचं नसतं. डबा बघायला मागितला. झाकण उघडलं.
एक सुकं फूल उचलून पाहिलं. मग चक्क मराठीत, “आजोबा, ही कुठली?”
“तुझ्याच बागेतली.”
ती रस्त्याच्या कडेला गवतावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
थोड्या वेळाने मी सुचवलं, कोणाला कळायचं कारण नाही, ससे आहेतच. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पहिल्यांदा ड्रायर लावून मोजे आखूड केले तेव्हा वासंतीनेही इतकं वाईट पाहिलं नव्हतं.
मग विचारलं, “किती?”
त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. रोज लिहिलंय.

१ फेब्रुवारी, रविवार
ओवीला मराठी वाचता येत नाही. वही वासंतीने मोठ्याने वाचली, स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. फक्त पूजेच्या ओळी पुरे होत्या. तिने तारखेपासून तारखेपर्यंत वाचली. ‘शांतता’ दोनदा वाचली.
पाच आठवडे ३१ प्रमाणे, गणेशजयंतीचा एक ४७. एकूण २०२. ओवीने डब्यातली सुकी फुलं टेबलावर मांडून मोजली. २०२. वहीत एकही चूक नाही, हे कोणी बोललं नाही.
७१ अधिक २०२ म्हणजे २७३. पेट्यांत २६८. पृथ्वी तापली काय, न तापली काय, या वर्षी फुलांना पत्ता नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ओवी स्वतः हेलनबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. पोस्टर रद्द. बाईंनी आधी सगळे आकडे पुन्हा तपासले म्हणे. मग म्हणाल्या, आपण होऊन असं सांगायला येणारी मुलगी मला हवीच आहे. ऑनर्स पक्कं.
म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच. वासंतीला हे सांगून पाहिलं. पुन्हा सांगणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. महाशिवरात्र
ओवीचा रिपोर्ट छापून आला. मी आधी आभारांचं पान उघडलं. हेलनबाई, हटचे मालक, घोटा मुरगळलेली मैत्रीण. माझं नाव नाही.
ओवीने हसत पान अकरा काढून दिलं. तक्ता : चौकोनांतली फुलं कशाने गेली.
वादळ ६. ससा ९. नाकतोडे १४. आजोबा २०२.
नावसुद्धा नाही, नुसतं ‘ग्रँडफादर’. नाकतोड्यांना मात्र लॅटिन नाव आहे.
लेकीच्या परसात गुलाब फुललेत. वासंतीने काठ्यांना दोरी बांधून त्यांच्याभोवती चौकोन केलाय.
पूजा : अक्षता.