तीन मजली केक आणि पोचा आलेली वाटी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१५
पोचलो. प्रवास ठीक. शाळेतल्या दोस्ताचं, पेंगूचं लग्न रविवारी दुपारी बारा वाजता, आणि केक माझ्याकडे. संत्र्याचा, तीन मजली, ऐंशी माणसांना पुरेल असा. हातात सहा दिवस आहेत. लोक असल्या गोष्टींचा उगाच बाऊ करतात. मी पंधरा वर्षं लिफ्ट तपासतोय. मजले आणि वजन मला कुणी शिकवायला नको.

पेंगूच्या घरी पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही. म्हणून मला मागच्या गल्लीत एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांकडे उतरवलंय. बाई एकट्याच असतात. वरची खोली मला, खालचं स्वयंपाकघर केकला. पुढच्या खोलीत त्यांची दवाखान्यातली जुनी खुर्ची आहे, मागे कलणारी. तिच्यात बसून त्या पेपर वाचतात. मी खुर्चीकडे न बघता जिना चढलो.

बॅग उघडली. हिनं मोज्यांच्या जोडीत आमच्या घरची पोचा आलेली स्टीलची वाटी गुंडाळून ठेवलीय. कशाला, तिचं तिलाच ठाऊक. दाढीच्या पाण्याला बरी आहे.

दुपारी ४
ओव्हनची तपासणी केली. आत एक्स-रेच्या फायली निघाल्या. दार नीट लागत नाही, समोर खुर्ची टेकवली की लागतं. बटणावरचे आकडे पार पुसून गेलेत. बाई म्हणाल्या, रोज स्पिरिटनं पुसायची सवय. लिफ्ट असती तर जागेवर सील केली असती. पण आकडे नसले म्हणून हिशेब अडत नाही. बटण पाऊण फेरी फिरतं, म्हणजे अर्ध्या फेरीच्या जरासं पुढे आपलं तापमान.

ही म्हणाली होती, केक घरीच करू, रविवारी येताना मी मांडीवर घेऊन येईन. तिच्या शाळेत परीक्षा, शनिवारपर्यंत सुटका नाही. मी साफ नको म्हटलं. केक ताजा हवा. शिवाय घरी करताना हिची लुडबुड फार. मी इकडे किसणीवर संत्र्याची साल किसत असतो, एकाग्र, आणि ही मध्येमध्ये येऊन भांड्यात डोकावते. मग बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसते आणि तिथूनच ओरडते, काढ आता. जसं काही मला कळत नाही.

संकल्प: केकसाठी हिला फोन करायचा नाही.

बाईंनी दिलेला चहा अर्धाच गेला. प्रवासाचं असणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ११
पेंगू येऊन गेला. म्हणाला, केक तुझ्याकडे म्हटल्यावर मी निवांत आहे. आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या खरंच झोपला. शाळेपासून असाच, बसला की पेंगतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न ठरलंय, तरी तेच.

नवरी लायब्ररीत काम करते. दोन वर्षांपूर्वी पेंगूच्या वाढदिवसाला ती कुणाबरोबर तरी आली होती. मी नेलेल्या केकचा शेवटचा तुकडा दोघांनी एकाच वेळी उचलायला घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं. आता तिची एकच अट आहे. लग्नात दुसरं गोड काही नको, तोच केक हवा.

हे पेंगूनं जाता जाता सांगितलं. म्हणजे केक नाही तर काहीच नाही. तेव्हापासून तळहाताला घाम येतोय. इथली हवा दमट आहे.

पेंगू आयुष्यात एकदाच जागा राहिलाय. मी हॉस्पिटलात होतो तेव्हा, सलग चार रात्री, स्टुलावर बसून. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. म्हणून केकला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दुपारी ४
पहिला केक. सरावाचा. कृती लिहून आणलेली नाही, डोक्यात आहे. तीन वाट्या मैदा, दोन वाट्या साखर, दीड वाटी लोणी, पाच अंडी, दोन संत्र्यांचा रस आणि साल. वाटी बाईंच्या कपाटातली घेतली. जरा मोठी आहे, सूप पिण्याची असावी. वाटी ती वाटी.

साल उत्तम किसली.

केक बसला. बसला म्हणजे उठलाच नाही. बाईंनी एका बारीक स्टीलच्या हत्यारानं त्यावर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, की ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांनी यापासून लांब राहावं.

दोष ओव्हनचा. नोंद केली.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी १२.३०
दुसरा केक. तोही तसाच. बाईंनी विचारलं, बेकिंग पावडर किती घातली. मी सांगितलं, घरी मी असलं काही घालत नाही, घरी केक आपोआप फुगतो. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटायला लागलीय, आणि ती फक्त दातांमुळे नाही.

नंतर आठवलं. घरी मैदा चाळून झाला की ही येते आणि भांड्यावर चमच्यानं काहीतरी झटकते. मला वाटायचं, मीठ असेल.

ठीक आहे. एका चमच्याचा प्रश्न होता. एवढ्यासाठी काही कुणी केक हिनं केला म्हणणार नाही.

संध्याकाळी ६
पेंगूची आई आली. काकू जिना चढून वर आल्या, धापा टाकत. विचारत होत्या, तीन मजल्यांच्या केकला टेबल किती भक्कम लागेल, हॉलवाल्याला सांगायचंय. मी म्हटलं, चांगलं भक्कम सांगा. त्या गेल्यावर दाराला आतून कडी घातली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ११.४०
तिसरा केक. पावडर सहा चमचे, म्हणजे मजल्यामागे दोन. केक उठला. उठतच गेला. ओव्हनच्या छताला टेकला, तिथे चिकटला आणि मग मधूनच सुटून खाली आला. लिफ्टच्या बाबतीत याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. धूर झाला. बाईंनी खिडक्या उघडल्या. समोरच्या गच्चीवरचा माणूस कपडे वाळत घालता घालता थांबला आणि दोरीवरचे सगळे कपडे काढून घरात घेऊन गेला.

विचारांती निर्णय: केक दुमजली करायचा. दिसायला सुबक. तीन मजले आजकाल भडक वाटतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी १०
फिरायला गेलो होतो. वाटेत एक केकवाला दिसला. सहज चौकशी केली, रविवारसाठी एखादा मोठा केक होईल का. तो म्हणाला, गेल्या रविवारी यायला हवं होतं, आता रात्र जागून काढली तरी होणार नाही, चार लग्नं आहेत. मी म्हटलं, मला नकोच आहे, माझा मी करतो. तो म्हणाला, मग बरंय. त्याच्या बरंय म्हणण्यात काहीतरी होतं.

दुपारी ३
चौथा केक. बाहेरून कोळसा, सुरी घातली तर आतून ओघळ.

नवरी आली होती. मी ओव्हनसमोरच्या खुर्चीत पटकन बसलो, म्हणजे दारही बंद राहिलं आणि तिला आतलं दिसलंही नाही. पाठ भाजत होती, पण उठलो नाही. ती म्हणाली, सजावट वगैरे काही नको, वर फुलं पण नकोत, फक्त चव तीच हवी. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, हात केवढे गार पडलेत.

ती गेली. मला भीती वाटते. लिहून टाकलं. वही माझी आहे, कुणी वाचणार नाही. परवा हॉलमध्ये ऐंशी माणसं माझ्याकडे बघतील, मधोमध एक भक्कम रिकामं टेबल असेल, आणि पेंगू रागावणार नाही. तो म्हणेल, जाऊ दे रे. ते मला ऐकायचं नाहीये. त्यानं शिव्या दिल्या तर चालेल.

निर्णय: केक एकमजली. बैठं घर कोसळत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११
हिला फोन केला. केकसाठी नाही. निळे मोजे कुठे ठेवलेत ते विचारायला.

ती म्हणाली, पायात असतील. होते.

मग तिनं विचारलं, केक कसा चाललाय. मी म्हटलं, उत्तम. ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, तसा बरा. ती गप्पच. शाळेत कॉपी केलेल्या पोरांसमोर ती अशीच गप्प उभी राहते म्हणतात, आणि पोरं आपणहून बोलतात. मीही बोललो. चारही केक सांगितले.

ती म्हणाली, वाटी कुठली घेतलीस. मी म्हटलं, इथली. ती म्हणाली, मग मी दिली ती कुठाय.

बाथरूममध्ये गेलो. साबणाचा फेस वाळून कडेला चिकटला होता. हे तिला सांगितलं नाही, पण नळाचा आवाज तिला गेला असावा. म्हणाली, आपलं सगळं माप त्या वाटीचं आहे, पाच अंडी त्या वाटीला पुरतात, दुसरी वाटी घेतली की सगळं चुकतं. पावडर सपाट एक चमचा, डोंगर नाही. आणि काढायचा कधी, तर वासावर.

कसला वास, मी विचारलं.

ती म्हणाली, आधी अंड्याचा येतो, मग साखरेचा. शेवटी संत्र्याचा. पण ओव्हनजवळ बसलं तर सगळे वास एकत्र येतात, काही कळत नाही. दुसऱ्या खोलीत बसायचं. तिथवर संत्र्याचा वास आला की केक झाला.

फोन ठेवल्यावर बराच वेळ वाटी धूत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, बाहेरच्या खोलीत तिला पेपर तपासायला उजेड बरा मिळतो.

दुपारी ४.३०
बाई मैत्रिणीकडे गेल्या होत्या. घरात मी एकटा. मापं त्या वाटीनं घेतली. साल किसली, सोबत बोटाचंही सालटं गेलं. केक आत घातला, दाराला खुर्ची टेकवली, आणि पुढच्या खोलीत गेलो. तिथे बसायला एकच जागा.

दवाखान्याच्या खुर्चीत बसलो. ती आपोआप मागे कलली. वर छत, त्यात एक दिवा. दोन्ही मुठींत खुर्चीचे हात घट्ट धरले. अंड्याचा वास आला. मग खूप वेळ काहीच नाही. नाक चोंदलं असेल, या विचारानं दोनदा शिंकरून बघितलं. लहानपणीसुद्धा खुर्चीत बसून इतका घाबरलो नव्हतो. मग साखर. उठावंसं वाटत होतं, उठलो नाही. भीतीनं तोंड उघडं पडलं होतं, ते नंतर लक्षात आलं.

मग संत्रं आलं. हळूच, दारातून कुणी डोकावावं तसं. खात्री करायला आणखी जरा थांबलो. मग धावलो.

झालाय. सोनेरी, गोल, मधोमध एक बारीकशी चीर. एका ताटाएवढा. मी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसलो आणि डोळे पुसले.

वेळ आहे, सामान आहे, दुसरा मजला करता येईल. हिंमत नाही. याला हातसुद्धा लावायची हिंमत नाही. ऐंशी तुकडे होतील. सुरी धारदार हवी.

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०, परतीच्या गाडीत
लग्न झालं. केक मांडीवर घेऊन हॉलला गेलो, ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला आधी सांगत. टेबल खरोखर भक्कम होतं, त्यावर गाडी उभी करता आली असती. मधोमध माझा केक, ताटाएवढा. प्रत्येकाला बोटाच्या पेराएवढा तुकडा. बाईंनी सुरी धरली होती, त्यांचा हात अजूनही थरथरत नाही.

पेंगूनं तोंडात घातला आणि डोळे मिटले. झोपला नव्हता. नवरीनं स्वतःचा खाल्ला, मग त्याचा उरलेलाही घेतला, म्हणाली, तोच, अगदी तोच.

आणि दोघं मला ओलांडून पुढे गेले.

ही तेवढ्यात पोचली होती, स्टेशनवरून थेट, पिशवी अजून खांद्यावरच. पेंगू तिच्यासमोर वाकला. म्हणाला, वहिनी, परीक्षा चालू असताना केलात, आणि कुणाबरोबर तरी सांभाळून पाठवलात, आता काय बोलू. काकूंनी तिला जवळ घेतलं. ऐंशी माणसं टाळ्या वाजवत होती.

मी सांगितलं, केक मी केलाय. सगळे हसले. चांगलं हसले, प्रेमानं. बाईंना पुढे केलं. त्या म्हणाल्या, खोटं कशाला बोलू, मी पाहिले ते चार, हा होताना मी घरी नव्हते. बोटावरचं सालटं दाखवलं. पेंगू म्हणाला, याला केक सांगितला की तो वहिनी करतात, हे लायब्ररीवाल्यांनाही माहीत आहे, म्हणून तर मी निवांत होतो.

हिनं तीनदा सांगितलं, की केक यानंच केलाय, मी आत्ता येतेय. पिशवीतलं तिकीट काढून दाखवलं. काकू सगळ्यांना म्हणाल्या, बघा, दर वर्षी पेंगूच्या वाढदिवसाला अशीच सांभाळून घेते त्याला.

दर वर्षी. म्हणजे केक यानं केलाय, असं ही दर वर्षी सांगत आली होती.

आता शेजारी बसलीय. तिच्या वाट्याचा तुकडा तिनं कागदात ठेवला होता, तो आत्ता खाल्ला. म्हणाली, दोन मिनिटं आधी काढायला हवा होता. मी म्हटलं, हो.

थोड्या वेळानं विचारलं, की इतक्या वर्षांच्या केकांत माझं नक्की काय असायचं. खरं सांग म्हटलं. तिनं खिडकीबाहेर बघत प्रामाणिकपणे विचार केला. दोन स्टेशनं गेली.

म्हणाली, साल तू किसायचास.

हे बरोबर आहे. साल दर वेळी मीच किसली आहे.