डाव्या पायाचा बूट

३ ऑक्टोबर १९११
पोचलो एकदाचा! हेरफर्डशरमध्ये माझ्यासारख्या सुताराला याहून देखणं घर मिळायचं नाही. ओकचे काळे खांब, तुळया, मध्ये कुडाच्या भिंती, आणि सांध्यांत एक खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. खांबांवर जुन्या सुतारांनी रेघा कोरल्यात: पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. पाचव्याचा पाय कुजलाय, तो बदलायचा.

घर सांभाळणाऱ्या ग्विल्टबाईंनी सफरचंदाची सायडर ओतता ओतता विचारलं, "डावा पाय आत वळतो वाटतं तुमचा?" जन्मापासूनच, म्हटलं.

हे काम एनॉक मास्तरांमुळे मिळालं. आईबाप गेल्यावर त्यांनीच मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. वीस वर्षांपूर्वी इथली, याच पाचव्या खांबाची, दुरुस्ती त्यांनीच केली होती.

५ ऑक्टोबर
धुरांड्यालगतचा कूड उघडला. आत ओळीने बूट निघाले. त्यात नवल नाही. दुरुस्ती करणारा सुतार घराची राखण म्हणून आपला एक बूट भिंतीत ठेवतोच. पण इथे प्रत्येक बुटावर खांबासारख्याच रेघा आहेत. ग्विल्टबाई म्हणाल्या, खांब कुजला की घर बुटाच्या धन्याला बोलावून घेतं. मी पोट धरून हसलो.

६ ऑक्टोबर
पाचवा बूट मास्तरांचा असणार म्हणून हौसेनं काढला. लहान मुलाचा निघाला. डावा. तळ आतल्या बाजूनं झिजलेला, टाच लाल दोऱ्यानं शिवलेली. ती शिवण माझ्या आईची.

अकरा वर्षांचा असताना हा बूट मास्तरांच्या कारखान्यात हरवला होता. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी नवा जोड आणला, तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो होतो. किती मूर्ख मी!

बाईंना सगळं ठाऊक होतं. स्वतःच्याऐवजी माझा बूट भिंतीत ठेवताना मास्तर म्हणाले होते म्हणे, "मला बायकापोरं आहेत. ह्याच्यामागे रडणारं कोण आहे?"

७ ऑक्टोबर
डावा पाय बधिर. उंबऱ्यापर्यंत जातो, पुढे उचलतच नाही. घोट्यापासून कातडीवर ओकच्या शिरा — पटाशीची धार टेकवली. दुखलं नाही.

८ ऑक्टोबर
लाकूड गुडघ्याच्याही वर चढलं. मांडीवर रेघा उमटल्या. चार — नाही, पाच.

मास्तर आले! खिडकीतून दिसले, हत्यारांची पेटी घेऊन. शेवटी माझी माया आलीच त्यांना. सोडवतील —

माप घेतायत. माझ्या पायाचं, मग खांबाचं. खुंट्या तासून आणल्यात.

मास्तर, एकदा वर तरी बघा, मी तुमचा —