बिल्डाची फेरी

हार्पा महिना, कोकरं सोडायचे दिवस
आइसलँड

प्रिय ऑनुंडदादा,

घरी सगळ्यांना नमस्कार, वहिनीला जरा जास्त. हा निरोप जहाजवाला स्टेनार पाठ करून येतोय. मध्येच अडखळला तर त्याला भांडंभर ताक पाज, पुढचं आठवेल.

इकडे ठीक आहे. हिवाळा कडक गेला, पण मेंढ्या तगल्या. निघताना तू दिलेली ती पाडी आठवते? ‘माणसांचा कंटाळा आला की हिच्याशी भांड,’ म्हणाला होतास. तिचं नाव बिल्डा. आता दोन वर्षांची कालवड झालीय, आणि तुझ्याइतकीच हट्टी.

परवा तिच्या जिवावर जमीन घेतली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ती जेवढ्याला फेरी घालेल, तेवढी माझी. फेरी अर्धवट राहिली तर खोरं शेजारच्या उल्फकेलला मिळणार होतं, म्हणून तो टेकडीवर बसून टक लावून बघत होता. दुपारी गरम ओढ्यापाशी बाईसाहेबांनी बसकण मारली. ओढलं, दटावलं, अगदी पाया पडले. ढिम्म! उल्फकेल वरून म्हणाला, “वहिनी, कालवड शहाणी आहे. तुम्हीही शहाण्या व्हा, भावाकडे परत जा.”

दादा, मला रडू कोसळलं. मग आई धारेच्या वेळी गाईंना घालायची ना, तशी हाक घातली. सूर कुठला लागायला! पण बिल्डाने कान टवकारले, उठली आणि चालू लागली. सूर्य समुद्राला टेकत होता तेव्हा आम्ही जिथून निघालो त्या दगडाशी पोचलो. उल्फकेल खाली उतरला आणि हद्दीचे दगड रचू लागला.

तू मघाशीच ओळखलं असशील. पुरुष जमीन घेतो तो हद्दीवर आगी पेटवत. कालवड फिरवते ती एकटी बाई. माझा नवरा, वेमुंड, असता तर आग त्यानेच पेटवली असती. थंडीत मासे धरायला गेला, आणि त्याची नाव रिकामी किनाऱ्याला लागली. हे तोंडातून निघेना, म्हणून आधी बिल्डाचं पुराण लावलं.

आता तू मला न्यायला नाव काढशील, मला माहीत आहे. काढच. पण तीही रिकामी आणू नकोस. वहिनी, पोरं, आईची चरवी, सगळं घेऊन ये. ओढ्यापलीकडे गवत दाट आहे. तिथं तुझ्या चुलीची जागा मी सोडून ठेवलीय.

परत न येणारी, वाट बघणारी,
तुझी धाकटी
यॉरुन