शेंदराखालचा पंख

प्रिय सत्यशीला,

तुझा निरोप बबिताने पोचवला. वणीच्या खाणीजवळ सापडलेला किड्याच्या पंखाचा दगड तुला संशोधनासाठी हवा आहे. हक्कच आहे तुझा. खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यावर गुडघे टेकून तूच बसायचीस, मी नुसता पाण्याची बाटली धरून उभा. पाटीसारखा तो काळा दगड दुभंगला आणि आत पंख, बोटाच्या पेराएवढा, एकेक शीर शाबूत. मी म्हणालो, ही आखणी कुणीतरी बसून केली असणार. तू हसलीस. कुणी बसलं नाही, म्हणालीस. तगले ते उरले, बाकीचे गेले, वेळ मात्र अफाट लागला. तुमच्या घरी निर्माता मानत नाहीत म्हणून असं म्हणतेस, असं चिडवलं, तर दगडच माझ्या नाकासमोर धरलास. मला कुठे जिंकायचं होतं? वाद संपला की तू बसस्टँडकडे निघायचीस, म्हणून मी तो लांबवायचो.

दगड तू माझ्याकडे ठेवायला दिलास आणि आईने तो टेबलावर पाहिला. दगडात काही उमटलेलं दिसलं की आमच्याकडे काय होतं, तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी तो देवघरात, तेल-शेंदूर लावून. दर शनिवारी नवा थर चढतो. आता एकही शीर दिसत नाही. परवा मागितला, तर आई म्हणाली, "स्वयंभू हाय तो, कोणी घडवला नाही. देव कोणी घराबाहीर देते काय?" हे तर तुझंच मत झालं. इतके दिवस मी भांडलो आणि तुम्ही दोघी एका बाजूला. हसू आलं, मग जेवण गेलं नाही. दगड तुझा आहे हे सांगितल्यावर ती जरा नरमली. म्हणाली, "पाह्याचाच असन तं येऊ दे तिले. पण ओसरीवरूनच पाहू दे, आपल्या जातीची नाही ना."

म्हणून दगड मिळणार नाही, आणि तू येऊही नकोस. या रविवारी तर नकोच. माझं लग्न आहे. मुलगी आर्णीची, निशिगंधा. बबिताला मीच सांगू नको म्हटलं होतं; तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. गृहप्रवेश झाला की आई आम्हाला आधी देवघरात नेईल. तू शोधलेल्या दगडासमोर आम्ही जोडीने वाकू. आई म्हणेल, मागा काहीतरी. मला काय मागायचं ते माहीत आहे, आणि देणारा कुणी नाही, हे तूच मला पटवलंस.

अजूनही तुझाच,
इंद्रजित