टीव्हीतल्या बापासाठी मुंडण

२ फेब्रु., पुसेगाव
दुपारी डायरेक्टरचा फोन. मालिकेतला माझा बाप मारायचं ठरलंय. १२ ला शूटिंग, दिनकरचं, म्हणजे माझं, मुंडण कॅमेऱ्यासमोर. म्हटलं, टकलाची टोपी लावू. तर म्हणे क्लोजअपला कड दिसते, लोक हसतात. जमत नसेल तर दिनकरला दुबईला पाठवतो. म्हणजे मी घरी. शनिवारपर्यंत सांग म्हणाला.

अकरा वर्षं हवालदार, वेटर, एकदा तर नुसतं प्रेत. नाव असलेला हा पहिला रोल. आणि इकडं आबा गेल्याच आठवड्यात दवाखान्यातून आलेत. हृदय निम्मंच चालतंय म्हणाले डॉ. आमच्यात बाप गेला की पोरगं डोकं काढतं, सगळे केस उतरवतं. बाप बसलेला असताना कसं काढू? कोणत्या तोंडानं विचारू?

३ फेब्रु.
विचारलं नाही. सं. सातला माय अन् आबा माझी मालिका बघत होते. आबा म्हणे, तुहा टीव्हीतला बाप लई बोलतो. मी हसलो. 

४ फेब्रु.
गोळ्या आणायला हिंगोलीला. परतताना राहवलं नाही, एका न्हाव्याच्या दुकानात शिरलो. सगळे केस काढले तर परत यायला किती दिवस लागतात, एवढंच विचारलं. त्यानं आरशातून बघितलं. पुसेगावचे टीव्हीवाले ना तुमी, म्हणाला. व्हय म्हटलं. त्यानं कंगवा खाली ठेवला, खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. महिना-दोन महिने." मला वाटलं, फार मायाळू माणूस आहे.

५ फेब्रु.
पार वाट लागली. सकाळी कनेरगाव नाक्याहून आत्याची भरलेली जीप. आत्या उतरली तीच हंबरडा फोडत. दारात आबा चहात बिस्कीट बुडवून राहिलेले. आत्यानं तोंडावरचा पदर काढून पुन्हा बघितलं. दहा माणसं नुसती उभी. आत्याचा नवरा काल त्याच दुकानात दाढीला गेलेला. न्हाव्यानं सांगितलं, टीव्हीवाला डोकं काढायचं विचारून गेला. आबा खाटेवर होते हे सगळ्यांना माहीत. बाकीचं त्यांनी जोडलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तू काहून विचारलं?"

सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. आत्या म्हणे, बालाजीला केस दिले म्हणून सांगू गावात. आबांनी कपबशी खाली ठेवली, आत गेले, दार लोटून घेतलं.

६ फेब्रु.
आबा बोलत नाहीत. गोळ्याही घेत नाहीत. माय म्हणे, पोटासाठी कायबी कर, पन तुह्या बापाला जितेपणी त्याचं सुतक दाखवू नको. सातला टीव्ही बंद. पहिल्यांदाच.

लाज वाटते. आणि रागही येतो, खोटं कशाला लिहू. बेचाळीस वय झालं. हा रोल गेला तर परत प्रेत. काय चूक माझी? पण त्या गोळ्या तशाच पडून.

७ फेब्रु., शनि.
सकाळी आबांनी हाक मारली. म्हटलं, नाही सांगतो डायरेक्टरला, तुम्ही गोळी घ्या. खाली बस म्हणाले.  मग,

"पाप-बिप न्हाई म्हनत मी. पन त्या टीव्हीतल्या बापाला सगळं देऊन आला अन् मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर माझ्यासाठी तुह्या डोक्यावर काय ऱ्हाईल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांनी माझ्या केसात बोटं घातली, मानेपासून वर, जन्मभर राखलेल्या मेंढरांची लोकर बघायचे तशी.

"मेंढराला बोटभर यायला दोन महिने लागते. तुला?"

तेवढेच, म्हटलं.

"मंग दोन महिने मी हाय. जा तू."

लेकरासारखा रडलो. आबांनी मायकडून गोळी मागून घेतली.

दुपारी डायरेक्टरचा फोन. संध्याकाळी सांगतो म्हटलं. माय कॅलेंडर उलटून शूटिंगपासून दोन महिने, बारा एप्रिल शोधून राहिली. आबा म्हणे, आणखी आठ दिवस धर, थंडीत लोकर वाढते, उन्हाळ्यात न्हाई.

सं. साडेसात. डायरेक्टरला अजून हो म्हणालो नाही; हो म्हटलं की आबांचे दिवस मोजायला लागणार. आबांनी रात्रीची गोळी आज न सांगता घेतली.